एक जूनचे दोन सहदेव

सहदेव शिगवण मिरकरवाड्यातल्या बर्फाच्या कारखान्यात कारकून होता आणि त्याच्या घरी फ्रीज नव्हता. दिवसभर त्याच्या डोळ्यांदेखत बर्फाच्या लाद्या बोटींवर चढायच्या. संध्याकाळी तो उरलेल्या लादीचा एक तुकडा डब्यात घालून साळवी स्टॉपच्या खोलीवर न्यायचा. तिथे मासळीच्या जुन्या थर्माकोलच्या पेटीत तो तुकडा, अर्ध्या लिटर दुधाची पिशवी आणि दोन टोमॅटो असा त्याचा सगळा संसार सकाळपर्यंत हळूहळू पाण्यात जायचा.

बायको स्वप्ना देवरुखला भावाकडे होती, दोन वर्षं झाली. कारण फ्रीज. निदान सहदेवच्या मते तरी कारण फ्रीजच.

झालं होतं असं, की दोघं मारुती मंदिराजवळच्या एका शोरूममध्ये गेले होते. स्वप्नाची वहिनीही बरोबर होती, रंग पसंत करायला. निळा, दोन दारांचा ठरला. तो टेम्पोत चढला, दोरी आवळली गेली, वहिनीने फोटो काढून देवरुखच्या ग्रुपवर टाकलासुद्धा. अभिनंदनाचे सात अंगठे आले. तेवढ्यात हप्त्यांचं काम बघणारा राकेश काउंटरवरून ओरडला, "काका, रिजेक्ट! तीन-तीन क्रेडिट कार्डं बुडवलेली दाखवतंय तुमची!"

दोरी सुटली. फ्रीज उतरला. उतरतानाचा फोटो वहिनीने काढला नाही, एवढाच काय तो मोठेपणा.

"कुठली तीन कार्डं?" स्वप्नाने विचारलं.

सहदेवचा पूर्वी मंडप-डेकोरेशनचा धंदा होता. तीन कार्डांवर त्याने चारशे खुर्च्या आणि एक झुंबर घेतलं, आणि बरोबर एका महिन्यात टाळेबंदी लागून लग्नं बंद झाली. हे त्याने स्वप्नाला सांगितलंच नव्हतं. दिवसाला चौदा फोन यायचे, ते 'खुर्च्यांसाठी गिऱ्हाईक विचारतंय' म्हणून तो अंगणात जाऊन घ्यायचा. शेवटी खुर्च्या भंगारात घातल्या आणि बँकेशी तडजोड केली. लाखाला चाळीस हजार दिले, फाइल बंद. सहदेवला वाटलं, मिटलं. पण बँकेने नोंद ठेवली होती, 'सेटल्ड'. म्हणजे ह्याने पुरते पैसे दिलेले नाहीत, पुढच्याने जपून. ती नोंद कित्येक वर्षं पुसली जात नाही, हे त्याला राकेशने सगळ्या शोरूमसमोर समजावलं.

"तुमच्या नावावर फ्रीज उतरला की कळवा," एवढंच बोलून स्वप्नाने देवरुखची एस.टी. पकडली.

चौदा फोन तर तडजोडीबरोबरच थांबले होते. आता घरातलं माणूसही गेलं. खोली इतकी शांत झाली, की पेटीतला बर्फ तडकला तरी सहदेव 'कोण?' म्हणायचा.

मग तो पत सुधारायच्या मागे लागला. मोबाईलवर दर महिन्याला स्कोअर दिसतो, तीनशे ते नऊशेच्या मध्ये कुठेतरी. त्याचा होता पाचशे बत्तीस. उपायही मोबाईलनेच सांगितला. बँकेत पंधरा हजारांची ठेव ठेवा, तिच्यावर कार्ड मिळेल, ते थोडंथोडं वापरा, बिल वेळेत भरा. थोडक्यात सांगायचं तर स्वतःचेच पैसे बँकेत अडकवायचे, तेच उसने घ्यायचे आणि परत करून शाबासकी मिळवायची. सहदेवने हे इतकं मनावर घेतलं, की एका महिन्यात बिल दोनदा भरलं. बँकच त्याचे सहाशे रुपये देणं लागली. तो महिना त्याने ताठ मानेने काढला.

कार्ड वापरायचं कुठे, हाही प्रश्नच. एकदा त्याने ते धक्क्यावरच्या गंगासमोर धरलं. गंगा त्याची नेहमीची मासेवाली.

"ह्यावर देशील काय बांगडे?"

गंगाने कार्ड उलटंसुलटं बघितलं, नखाने वाजवलं. "पैसे रोख दे मेल्या. पण हे ठेवून जा हवं तर, खवलं बरी निघतील ह्याच्यानं."

एक जूनला बँकेचा मेसेज यायचा, 'प्रिय सहदेव, वाढदिवसाच्या शुभेच्छा.' त्याला दुसरं कोणी शुभेच्छा देत नसे, कारण एक जून हा त्याचा वाढदिवसच नव्हता. शाळेत नाव घालताना गुरुजींनी वाडीतल्या सगळ्या पोरांचा जन्म एक जूनला उरकला होता. शाळा उघडायच्या वेळी वय बरोबर भरतं, म्हणून. खरी तारीख आईलाही ठाऊक नव्हती. तरीसुद्धा सहदेव त्या मेसेजला 'आभारी आहे' असं उत्तर पाठवायचा आणि ते पोचत नसे.

दोन वर्षांत स्कोअर मुंगीच्या पावलाने सहाशे अठ्ठावीसवर आला. आणि मग एका ऑगस्टमध्ये पाच तारखेला त्याने मोबाईल उघडला, तर सातशे अठरा!

सहदेवने चष्मा पुसला. मोबाईल पुसला. मग पूर्ण अहवाल उघडून वाचायला बसला आणि त्याला कळलं, की आपण एक घरघंटी घेतली आहे. एकोणीस साली मोटरसायकलही घेतली आहे. दर जूनला आपण सोनं गहाण ठेवतो आणि दर मार्चला सोडवतो. एकही हप्ता चुकलेला नाही. आणि आपला एक पत्ता हातखंब्याचा आहे.

कुठेतरी अजून एक सहदेव तुकाराम शिगवण होता. नाव तेच, बापाचं नाव तेच, जिल्हा तोच, आणि त्याच्याही गुरुजींनी त्याच साली त्याला एक जूनला जन्माला घातलं होतं. संगणकाने चारही गोष्टी जुळलेल्या बघितल्या आणि दोन माणसांना एकात घालून टाकलं.

ही चूक आहे असं कळवायचं असतं. त्यासाठी बटनही होतं. सहदेव बटनाकडे बघत बसला आणि चहा करायला उठला.

पुढचा महिनाभर त्याने तो अहवाल एखाद्या कादंबरीसारखा वाचला. घरघंटी आहे म्हणजे पीठ घरीच पडत असणार, म्हणजे भाकऱ्या ताज्या. मार्चमध्ये सोनं सुटतं, म्हणजे बायकोला लग्नसराईत बांगड्या घालायला मिळाव्यात म्हणून. केवढं प्रेम! पाच तारखेला बर्फाच्या पावत्या लिहिता लिहिता तो मनात म्हणायचा, 'आज आपला घरघंटीचा हप्ता गेला असेल.' दूध नासलं त्या दिवशीही त्याला वाटलं, दुसऱ्या घरी तरी दूध चांगलं असेल.

सप्टेंबरात तो राकेशसमोर जाऊन उभा राहिला.

"काका, तुम्ही परत?" राकेशने आकडे टाकले. "अरे वा! सातशे अठरा? पास!"

"ती जुनी तीन कार्डं?"

"आम्ही आकडा बघतो काका, इतिहास कोण वाचतो? रविवारी सकाळी फ्रीज पाठवतो. निळाच ना?"

सहदेवने तिथूनच देवरुखला फोन लावला.

"फ्रीज पास झाला. माझ्या नावावर."

स्वप्नाने विचारलं, "खरंच तुमच्या?"

"माझ्याच नावावर," सहदेव म्हणाला. नाव त्याचंच होतं, त्यात खोटं काही नव्हतं. पण त्याचे कान गरम झाले.

"रविवारी दहाच्या एस.टी.ने येते मग," स्वप्ना म्हणाली.

शनिवारी त्याने खोली झाडली, भिंतीचा एक कोपरा फ्रीजसाठी मोकळा केला आणि थर्माकोलची पेटी बाहेर ठेवली. दुपारी दारात मोटरसायकल थांबली. हाताला काळं वंगण लागलेला, त्याच्याच वयाचा एक माणूस उतरला. हातात कागदांची पिशवी.

"सहदेव तुकाराम शिगवण तुम्हीच काय?"

"होय."

"मी पण," तो माणूस रागाने म्हणाला.

सहदेवची नजर त्याच्यावरून घसरून गाडीवर गेली. "ही एकोणीस सालची ना?" तो अगदी मायेने म्हणाला. "छत्तीस हप्ते होते. तुम्ही शेवटचा महिनाभर आधीच भरलात."

पाहुणा दोन पावलं मागे सरकला. "तुम्हाला काय ठाऊक?"

"बसा ना. घरघंटी कशी आहे?"

"बंद पडली. वॉरंटी संपली दुसऱ्याच दिवशी."

"आणि बांगड्या? मार्चमध्ये सोडवता त्या?"

"बांगड्या कसल्या! सासूची बोरमाळ हाय ती. मार्चला नाय सोडवली तर म्हातारी दारात येऊन बसते." पाहुण्याने पिशवी आपटली. "ओ, मी भांडायला आलोय. तुम्ही माझी सासू काय विचारताय?"

मग सगळं बाहेर आलं. त्याचं हातखंब्याला हायवेवर पंक्चरचं दुकान होतं. मुलगी शमिका हिला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता, फी भरायची शेवटची तारीख मंगळवार. बँकेने कर्ज नाकारलं. का, तर तीन कार्डं बुडवली म्हणून.

"मी त्यांना बोललो, मी कार्ड हातात धरलं नाय कधी. तर म्हणाले, ही कार्डं तुमची नाहीत हे सिद्ध करा. आता नसलेलं कसं दाखवायचं? शेवटी साहेबाला दया आली. अहवालात ह्या खोलीचा पत्ता सापडला. ज्याची असतील त्याचं पत्र आणा, म्हणाला, पॅन कार्डाची झेरॉक्स आणा, सोमवारी वर पाठवतो." त्याने कोरा कागद आणि पेन पुढे केलं. मग खोलीकडे बघितलं. एकच ताट, एकच खुर्ची, झाडून मोकळा केलेला कोपरा. त्याचा आवाज खाली आला. "वीस सालच्या एप्रिलपासून पुढं एक पैसा भरलेला नाय तुम्ही. काय झालं होतं ओ?"

कधी भरणार, किती भरणार, नाहीतर कोण भरणार, हे सहदेवला चौदा-चौदा लोकांनी विचारलं होतं. काय झालं होतं, हे आजवर कोणी विचारलं नव्हतं.

त्याने सांगितलं. चारशे खुर्च्या सांगितल्या, झुंबर सांगितलं, अंगणातले फोन सांगितले, उतरलेला फ्रीज आणि उद्याची दहाची एस.टी. सांगितली. सांगायला पाऊण तास लागला. पाहुण्याने मध्ये एकदाच तोंड उघडलं, "झुंबराचं काय केलंत?"

"पलंगाखाली आहे."

दोघांनी वाकून झुंबर बघितलं.

"ही चिठ्ठी लिहिली तर माझा आकडा खाली येईल," सहदेव म्हणाला.

"येईल. आणि नाय लिहिली तर माझी पोर घरी बसेल," दुसरा म्हणाला. त्याने विनवलं नाही. गुडघ्यावर हात ठेवून झुंबराकडेच बघत राहिला.

सहदेवने पेन घेतलं. 'सदर तीनही कार्डे माझीच असून,' असं लिहिलं, सही केली, तारीख घातली. स्वतःचं काही पहिल्यांदाच असं ठासून सांगितलेलं त्याला विचित्र वाटलं. मोटरसायकल वळणापार दिसेनाशी झाल्यावर त्याने राकेशला फोन केला.

"फ्रीज नको. तो आकडा माझा नव्हता."

"काका, पास झालेलं कोणी परत करतं काय? लोक पास व्हायला नवस बोलतात!"

मग देवरुख.

"उद्या येऊ नको," सहदेव म्हणाला. "पास झाला तो दुसरा सहदेव होता." आणि त्याने न अडखळता सगळं सांगितलं.

"म्हणजे फ्रीज नाही," स्वप्ना म्हणाली.

"नाही."

"अहो, मी फ्रीजसाठी गेले असं वाटतं काय तुम्हाला? दादाकडे दोन फ्रीज आहेत. एक बंद आहे, त्यात आम्ही पापड ठेवतो. घरात तीन कार्डं होती आणि ते मला शोरूममधला माणूस सांगतो. तेव्हा गेले मी."

दोन वर्षं सहदेव भलत्याच वस्तूसाठी झटत होता. "मग उद्या ये ना," तो म्हणाला.

"नाही. दोन वर्षांत एकदा खरं बोललात. एकदाच्या खऱ्यावर कोण सामान बांधतं?" मग तिने विचारलं, "आता आकडा किती?"

"वेगळा झाला की कळेल."

"कळला की सांगा. दर महिन्याला सांगा. जो असेल तो."

रविवारी सहदेव तरीही दहा वाजता स्टँडवर जाऊन आला. देवरुखची गाडी आली, भरून आली, रिकामी झाली. घरी येऊन त्याने थर्माकोलची पेटी पुन्हा आत घेतली.

ऑक्टोबरात अहवाल वेगळा झाला. मोटरसायकल गेली, घरघंटी गेली, बोरमाळही गेली. भरल्या घरातून बिऱ्हाड उठून जावं तसं ते पान दिसत होतं. त्याच्या वाट्याला उरली होती तीन जुनी कार्डं आणि पंधरा हजारांची ठेव.

त्याने फोन लावला. "सहाशे एकतीस."

"बरं," स्वप्ना म्हणाली आणि तिने फोन ठेवला. पंधरा सेकंद.

नोव्हेंबरात पाच तारखेला त्याने आकडा बघितला. सहाशे सत्तावीस. वर जायच्या ऐवजी खाली! क्षणभर वाटलं, 'एकतीसच आहे' म्हणून सांगावं. तिला कुठे दिसणार होतं? त्याने तीनदा नंबर लावला आणि तीनदा कट केला. चौथ्यांदा कट करायच्या आत तिने उचलला.

"सहाशे सत्तावीस," सहदेव म्हणाला. "चारने उतरला."

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला. "उतरला? बिल चुकवलंत?"

"नाही गं. फ्रीजसाठी राकेशने माझी चौकशी केली ना, त्याचे चार गेले."

"फ्रीज घेतला नाही तरी?"

"न घेतला तरी. कोणी आपल्याबद्दल विचारलं की आपले आकडे कमी होतात."

"हा कुठला नियम?" स्वप्ना खरोखरच चिडली. "विचारलं त्याने, आणि भुर्दंड तुम्हाला?"

मग तिने विचारलं बिल कधी येतं, किती वापरता, दूध कशात ठेवता. पेटीतल्या टोमॅटोंवरून ती त्याला बोलली. झुंबर अजून पलंगाखाली आहे हे ऐकून हसली, आणि हसल्याचं लपवायला खोकली. फोन ठेवला तेव्हा सहदेवने वेळ बघितली. अकरा मिनिटं.

चार आकडे वाढले असते, तर ती 'बरं' म्हणाली असती.

त्याने खिडकी उघडली, पेटीतलं पाणी ओतून टाकलं आणि नवीन बर्फाचा तुकडा आत ठेवला. पाच डिसेंबरला अजून तीस दिवस होते. त्याने कॅलेंडर उतरवून ते पुन्हा एकदा मोजले. मोबाईलला विचारलं असतं तर लगेच कळलं असतं, पण मग बाकीची संध्याकाळ कशी काढायची?