ब्लॉक धरणारी

आमच्या कॉलेजात फर्स्ट इयरच्या पोरीने आधी ब्लॉक धरायचा, पळायचं मग. हा नियम कुणी लिहून ठेवलेला नाही. पण मी तो निमूटपणे पाळला होता, त्यामुळे दुसऱ्या कुणाला त्यातून सूट मिळावी असं मला कधीच वाटलं नाही. आमचं मैदान भुसभुशीत मातीचं. सुरुवातीला पाय रोवायचा लोखंडी ब्लॉक कितीही खिळे ठोकले तरी जोर लागला की मागे सरकतो. म्हणून पळणारीच्या मागे एकीने मातीत बूड टेकून बसायचं, दोन्ही तळपाय ब्लॉकला लावायचे आणि रेटून धरायचं. पुढची सुटली की सगळी माती आपल्या तोंडावर.

यंदा माझ्या मागे बसायला आली ती पेन्सिल. हे नाव मीच ठेवलं, कारण जोराचा वारा आला तर हिला कुणीतरी धरावं लागेल असं वाटायचं. तोंड मात्र अखंड चालू. "ताई, तू मान एवढ्या लवकर वर का करतेस?" "ताई, तुझा डावा पाय उशिरा का सुटतो?"

"तू गप बस आणि धर," मी म्हणायचे.

शंभर मीटरसाठी कॉलेजातून एकीलाच पाठवतात आणि आतापर्यंत ती एक मीच होते. हे माझं शेवटचं वर्ष. बाबांचं सलून आहे. गळ्याला कापड बांधून खुर्चीत बसलेल्या गिऱ्हाइकाला उठून जाता येत नाही, त्यामुळे माझं कौतुक सगळ्या वस्तीने ऐकलेलं. यंदा मुलीची फायनल बघायला दुकान बंद राहील, असा कागद त्यांनी आरशावर चिकटवला होता.

निवड चाचणीच्या दिवशी शिट्टीसर म्हणाले, "पेन्सिललाही पळू दे." शिट्टीसर म्हणजे आमचे कोच. बोलण्यासाठी तोंडातली शिट्टी काढायचा त्यांना कंटाळा, त्यामुळे ते बोलले की आम्ही ऐकायचो. मी हसले. पिस्तूल वाजलं आणि मला तिची पाठ दिसली. शेवटपर्यंत पाठच दिसली. स्टार्ट माझाच होता, फक्त त्यातल्या माझ्या चुका काढून टाकलेल्या. इतके दिवस मागे बसून बाईसाहेबांनी हेच काम केलं होतं.

"हीच जाईल," सर म्हणाले. "तू राखीव म्हणून ये."

घरी सांगायला माझी जीभ रेटेना. आज नको, उद्या सांगू, असं करता करता स्पर्धेचा दिवस उजाडला.

तिथलंही मैदान आमच्यासारखंच. पहिल्या फेरीत पेन्सिलच्या मागे आमचीच एक मुलगी बसली होती. तिने ब्लॉक धरल्यासारखा केला. तो सरकला आणि पेन्सिल गुडघ्यावर आपटली. तरी उठून पळाली आणि जेमतेम फायनलमध्ये घुसली. मग सोललेला गुडघा घेऊन थेट माझ्यासमोर हजर.

"ताई, फायनलला तू धर."

"मी? दुसरी कुणी बघ."

"बाकीच्या डोळे मिटून घेतात गं. माती येते ना."

मी प्रेक्षकांकडे पाहिलं. बाबा आले होते, सोबत दोन गिऱ्हाइकं. दुकान बंद असल्यामुळे त्यांच्या दाढ्या तशाच वाढलेल्या. त्या तिघांसमोर मी फर्स्ट इयरच्या पोरीमागे मातीत बसायचं! माझं डोकंच फिरलं. आणि मनात आलं, बसू, पण जरा सैल धरू. कुणाला काय कळणार आहे?

पण ही हरली तर मी कुणाकडून हरले होते? कुठल्यातरी ऐऱ्यागैऱ्या पोरीकडून. ते मला चालणार नव्हतं. तिने जिंकायलाच हवं होतं.

"चल," मी म्हटलं.

मी तिच्या मागे बसले, तळपाय लावले, हात मातीत खुपसले. "मान लवकर वर करू नकोस," मी म्हणाले.

"तुझ्यासारखी?"

"हो. माझ्यासारखी. पुढे बघ आता."

पिस्तूल वाजलं. तिचा धक्का ब्लॉकमधून माझ्या तळपायांत आला, तिथून गुडघ्यांत, थेट कमरेपर्यंत. मी तसूभरही हलले नाही. तोंडावर माती आली, पण डोळे उघडेच ठेवले. पहिल्या वर्षी मी जिच्या मागे बसायचे तिचा असा धक्का कधी बसला नव्हता. माझाही मागच्या कुणाला बसला नसणार. ही आज कुणाच्या हाती लागत नाही, हे मला तेव्हाच कळलं. बाकीच्यांना कळायला शेवटची रेघ यावी लागली. स्पर्धेचा जुना विक्रम मोडला होता, आणि माइकवाला तिचं नाव शोधत होता, कारण ते कुणालाच माहीत नव्हतं.

बाबा धावतच खाली आले. खांद्यावर सवयीने नॅपकिन होताच. "काय पळाली गं ती काडी! आता तुझी फायनल कधी?"

"माझी झाली, बाबा. कॉलेजातच झाली. हिनेच हरवलं मला."

बाबांनी नॅपकिन काढला आणि माझी मान झटकली, मग कान, मग पाठ, दाढी झालेल्या गिऱ्हाइकाची झटकतात तशी. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

"म्हणजे आत्ता त्या काडीच्या मागे बसली होतीस ती तूच?"

"हो."

बाबा मागे वळले. "बघितलंत ना? बाकी सगळ्यांचं ते लोखंड सरकलं," ते त्या दोन दाढीवाल्यांना म्हणाले. "हिने हलू दिलं नाही. आमची आहे ती."

मग मात्र मला रडू आवरेना. डोळ्यांत माती गेली असं मी सांगितलं, आणि ती गेलीही होती.