शेजारची खुर्ची

"निघत नाहीये! अगं खटपटे, निघत नाहीये हे!"

कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये, अर्धवट जोडलेल्या रेसकारमधून लंबू ओरडत होता. गाडी चालवायचा मान त्याचा; आणि वेळ आलीच तर स्टिअरिंग झटक्यात काढून त्याला बाहेर पडू देणारी कळ खटपटीने बनवलेली. परवा तपासणी. कळ चालली नाही, तर वर्षभर राबून बनवलेली गाडी मैदानात उतरणारच नव्हती.

"मागची रिंग स्वतःकडे ओढ की, माठ्या!"

"ओढतोय! तूच बस इथे!"

खटपटी ऐटीत बसली. दोन बोटांनी रिंग ओढली. खट्! स्टिअरिंग अलगद मांडीवर. सगळे खो खो हसले, लंबूचे कान लाल झाले. खटपटीला मात्र हसू येईना. मग याच्या हातून का निघत नाही?

संध्याकाळी तिने स्टिअरिंग कळीसकट घरी आणलं आणि क्लॅम्प लावून जेवणाच्या टेबलाला आवळलं.

"आता जेवायचं काय तुझ्या डोक्यावर?" म्हणत आई आली आणि स्टिअरिंग बघून तिची नजर दाराकडे गेली.

टेबलाची ती बाजू बाबांची. ते ट्रक चालवायचे. तो उलटला तेव्हा स्टिअरिंग छातीत रुतून ते सीटवरच अडकले होते. शेजारी काका होता. त्यांचा धाकटा भाऊ, त्यांचाच क्लीनर. तो "दादा, दादा" म्हणत राहिला, मग म्हणेनासा झाला. तेव्हापासून बाबांनी स्टिअरिंगला हात लावला नव्हता. आणि शेजारच्या खुर्चीवर ते कुणालाच बसू देत नसत, पाहुणा आला तरी.

बाबा दारात उभे होते.

"उचलते हां बाबा, लगेच!"

"राहू दे." ते बसले. हात आपोआप जागेवर गेले. "काढायचं कसं?"

"मागची रिंग ओढायची. एकदम सोप्पं!"

बाबांनी डोळे मिटले. आणि अचानक स्टिअरिंगला लोंबकळून उठू लागले, बोटं रिंगवर नुसती खरवडत राहिली. टेबल कलंडलं. कळ जाम.

"निघत नाही... थांब रे, आलो... निघत नाही..."

हा आवाज खटपटीने कधी ऐकला नव्हता. आईने त्यांना मागून घट्ट धरलं.

रात्रभर तो आवाज तिच्या कानात होता. ती स्वतः कायम निवांत बसून रिंग ओढायची. घाबरलेला माणूस स्टिअरिंगवर भार टाकून उठतो. कळीतले छर्रे, स्टिअरिंग धरून ठेवणारे ते बारीक पोलादी गोळे, दाबले जातात, अडकतात. लंबूचंही तेच झालं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने छर्रे बसतात ती खाच उतरती केली, त्यांना मोकळी जागा दिली.

"जरासं हलतंय गं," लंबू कुरकुरला.

"हलू दे. लोंबकळ त्याला. अजून जोरात!"

खट्! वर्कशॉप दणाणलं.

घरी पाऊल टाकताच बाबांनी विचारलं, "आणलंस?"

तिला ते बाहेर काढायची भीतीच वाटत होती. पण तिने ते टेबलाला आवळलं. बाबा बसले, डोळे मिटले, सगळा भार टाकून उठले.

खट्!

खटपटी टाळी वाजवणार, तेवढ्यात थबकली. बाबांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. स्टिअरिंग त्यांनी खाली टाकलं, अर्धे वळले, आणि दोन्ही हात शेजारच्या खुर्चीकडे पुढे केले.

"चल," ते म्हणाले. "निघालं बघ."

आई जागची हलली नाही. खटपटीने पुढे होऊन ती खुर्ची हळूच मागे सरकवली, माणसाला उठायला जागा होईल एवढी.