श्यामसुंदररावांचे बालपण

मालनने पुढे केलेल्या चहावर साय धरली होती. तिचा नवरा सहदेव चाळकमिटीचा कागद गुडघ्यावर ठेवून त्याच्या घड्या पुन्हा पुन्हा सरळ करीत होता. समोर त्याचा वर्गमित्र जयवंत. या खोलीत तो शाळकरी वयापासून येत असे; आज पहिल्यांदाच नजर कुठे ठेवावी ते त्याला कळत नव्हते.

घाटकोपरच्या या चाळीतली चौदा नंबरची खोली महिनाअखेर रिकामी करायची होती. चाळीचे मालक श्यामसुंदरराव सत्तावन्नच्या निवडणुकीत निवडून आले होते आणि त्यांचे बालपण जिथे गेले त्या खोलीत आता वाचनालय उघडणार होते. सहदेवला बदली खोली मिळणार होती विक्रोळीला, खाडीच्या चिखलालगत. कमिटीच्या त्या कागदावर बाकी सगळ्या बिऱ्हाडांच्या सह्या होत्या.

श्यामसुंदररावांचे बालपण खरे तर टेकडीखालच्या बंगल्यात गेले होते. खोलीतले बालपण जयवंतने लिहिले होते.

"तुझीच करामत ना रे ही?" सहदेव म्हणाला. "तो कोण तुझा अमेरिकेचा अध्यक्ष, झोपडीवाला?"

"हॅरिसन."

अमेरिकन अध्यक्षांची चरित्रे जयवंत एका प्रकाशकासाठी मराठीत उतरवत होता. त्यातला हा एक मोठ्या जमीनदाराच्या विटांच्या हवेलीत जन्मला आणि ओंडक्यांच्या झोपडीची चित्रे मिरवून निवडून आला. याच चटईवर बसून जयवंतने ती हकिकत हसत हसत सांगितली होती. महिन्याभराने श्यामसुंदररावांनी प्रचारपत्रक मागितले. जयवंत शिकवी त्या कॉलेजचे ते चेअरमन. झोपडी हवी होती, आणि जवळून पाहिलेले दारिद्र्य जयवंतकडे एकच होते, सहदेवच्या घरचे. भिंतीची ओल, गॅलरीतला कंदील, गिरणीतून परतलेल्या बापाच्या केसांतला कापूस: सगळे त्याने उचलले, खोलीच्या नंबरासकट. पत्रक फार सुंदर उतरले होते.

पूर्वजांनी दिले ते जपू या, असे श्यामसुंदरराव प्रत्येक सभेत म्हणत. जयवंतचा पिंडही जपणाऱ्यांचाच. नव्याच्या भयापेक्षा विस्मरणाचे भय त्याला मोठे वाटे. आता त्याला दिसत होते, की जपायला आधी एक भूतकाळ लागतो, आणि आपला पुरेसा देखणा नसला की माणसे दुसऱ्याचा उचलतात. सहदेवलाही जपायचेच होते. पण त्याच्या जपण्याला परंपरा म्हणणारे कुणी नव्हते.

चाळीतले सर्वांत जुने भाडेकरू धोंडूकाका दाराशी येऊन टेकले.

"काका, तुम्ही तरी सांगा," मालन म्हणाली. "शेठ हंय, ह्या खोलीत, कधी रवले?"

"म्हणजे काय? मी बघितलंय त्याला. एवढासा पोर होता. गॅलरीत कंदिलाखाली वाचत बसायचा."

"काका, तो सहदेव होता," जयवंत म्हणाला. "पत्रकात ते मी लिहिलं."

"तू आत्ता लिहिलंस रे. मी तेव्हा बघितलंय." म्हाताऱ्याच्या आवाजात खोटेपणाचा लवलेश नव्हता. त्याच्या आठवणीतल्या कंदिलाच्या उजेडातून एक पोर कुणीतरी अलगद उठवले होते आणि तिथे दुसरे बसवले होते. "आणि वाचनालय झालं तर पेपर फुकट. तुला काय वाईट आहे, सहदेवा? विक्रोळीला वारा चांगला," असे म्हणत ते आपल्या खोलीकडे वळले.

सहदेव हसला, पण ते हसू ओठांतच विरले.

मालनने वहीतला एक रेघी कागद फाडून जयवंतसमोर ठेवला. "भावजी, दुसरं कोण आमच्या बाजूनं बोलूचं नाय. हे सगळं मी रचलं, एवढंच लिहा नि खाली सही करा. वकील म्हणतो, तेवढ्यावर खोली वाचेल."

जयवंतने पेन काढले. वर तारीख घातली. पुढची ओळ त्याला पूर्ण दिसत होती, आणि तिच्याखाली आपले नावही. जूनमध्ये नोकरी कायम व्हायची होती. कायम केल्याच्या पत्रावर सही श्यामसुंदररावांची होणार होती.

"लोक मानणार नाहीत," तो म्हणाला. "काकासुद्धा—"

"लोकांचं सोड," सहदेव म्हणाला. "माझा बाप या खोलीत मेला, तू होतास इथे. तू लिहून देणार की नाही, तेवढं सांग."

जयवंतने पेनाला टोपण लावले. कागद चटईवर तसाच ठेवून तो उठला आणि बाहेर वहाणा पायांत सरकवून मागे न बघता जिना उतरू लागला.