चाकापलीकडची बहीण

मी एक जुनी पेटी आहे, मित्रांनो. मोटारसायकलच्या मागच्या चाकाला डावीकडून चिकटून बसलेली, फायबरची, निळी. निळी म्हणायचे ते आपले मान ठेवायला. माझा रंग चिखलाने आणि ओरखड्यांनी कधीच गिळून टाकला होता. माझी मालकीण गुरांची डॉक्टर. तिच्याबरोबर मी इतके गोठे पाहिले की अडलेली गाय मी नुसत्या आवाजावरून ओळखते.

चाकाच्या उजवीकडे माझी जुळी बहीण होती. कारखान्यात आमचे साचे वेगळे आणि गाडीवर आल्यापासून मध्ये आख्खे चाक, त्यामुळे जन्मात मी तिला पाहिले नव्हते. खड्डा आला की तिचे झाकण खडखडायचे, तेवढेच काय ते आमचे बोलणे. सायलेन्सर तिच्या बाजूला. थंडीत मी काकडत असले की वाटायचे, ही बया बसली असेल मजेत शेकत! औषधांचा मान मात्र माझा. औषधांना उष्णता सोसत नाही म्हणून मालकिणीने माझ्या पोटात फायबरची एक जाड फळी बसवून खास कप्पा करून घेतला होता. बहिणीच्या वाट्याला ओले दोर आणि गमबूट. त्या फळीचा मला कोण तोरा!

मग एकदा आम्हाला नवा रंग द्यायचे ठरले. रंगाआधी पेट्या सुट्या करायच्या होत्या. मालकिणीची नणंद शिवणकाम करते, तिने ते काम स्वतःकडे घेतले.

"वहिनी, तू लांब बस. तू पाना धरलास की वासरू ओढल्यासारखी ओढतेस."

"बरं बाई! पण एक जरी स्क्रू हरवला ना, तर तुझ्या मशीनचा काढून लावीन."

नणंदेने टेबलावर पुठ्ठा अंथरला, मला त्यावर ठेवले आणि कापडावर बेततात तशी खडूने माझ्याभोवती रेघ मारली. मग जो स्क्रू जिथून निघेल, तो तिथेच पुठ्ठ्यात टोचला. कडी कडीच्या जागी, बिजागरी बिजागरीच्या जागी, रबराची पट्टी कडेने. मी थक्क होऊन बघत राहिले. मला वाटत होते मी एकटी आहे. मी तर कितीतरी जणांनी एकमेकांना घट्ट धरून ठेवल्यामुळे उभी होते!

तेवढ्यात तिने बहिणीला सोडवून माझ्यासमोर ठेवले. मित्रांनो, काय सांगू! तोच बाक, तोच गोल खांदा, फक्त उलट्या बाजूला. मला तर डोळ्यांचे पारणे फिटल्यासारखे झाले. पण मग नणंदेने तिला पालथी केली. तिचा तळ काळा पडला होता, फोड आले होते आणि मधोमध तळहात जाईल एवढे भोक. मी जिला ऊब समजत होते, ती रोज तिला भाजत होती.

"हिनं कधी कळूसुद्धा दिलं नाही गं," मालकीण म्हणाली.

रंगारी आला. त्याने बोटाने फोड दाबून पाहिला. "ताई, ही गेली. डावी रंगवून देतो, उजवी नवी घ्या. दोन्ही बाजू एकदम बघतंय कोण?"

"आम्ही बघतोय ना आत्ता!" नणंद उसळली. "ठिगळ नाही का लागणार?"

"लागेल की. पण जाड फायबर पाहिजे. आणायचं कुठून?"

नणंदेने माझ्या पोटात डोकावले. "वहिनी, औषधं तर तू आता बर्फाच्या डब्यातून नेतेस. मग ही फळी कशाला?"

माझी फळी! ती निघाली तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडला. नणंदेने तिच्यावर खडूने माप घेतले, रंगाऱ्याने ती कापून बहिणीच्या तळाला चिकटवली, सांध्यात लांबीचा लेप भरला, पॉलिश पेपरने घासघास घासली. शेवटी मालकिणीने डोळे मिटून बोट फिरवले, तिला सांधा सापडला नाही. मीही शोधला. माझी फळी कुठे संपते आणि बहीण कुठे सुरू होते, ते मलाही कळेना. असले नवल मी कुठल्याच गोठ्यात पाहिले नव्हते. धग अडवायला सायलेन्सरवर पत्र्याचे नवे झाकणही बसले.

आता आम्ही दोघी लखलखीत निळ्या आहोत आणि मध्ये पुन्हा चाक आहे. मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. जे कुरकुरते त्याला तेल सगळेच देतात. जे गुमान काम करते, त्याला अधूनमधून पालथे करून बघत जा.