सात वाजून दहा मिनिटं

बाबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, म्हणजे कोर्ट सुरू झालं. आईने विणकामाच्या सुया काही खाली ठेवल्या नाहीत. न्यायाधीशाचे हात रिकामेच असावेत असं कुठे लिहिलंय, हा तिचा जुना सवाल होता. दुपारचे तीन वाजले होते, पण बाहेर धुकं असं दाटलं होतं की समोरची इमारत, रस्ता, बसथांबा सगळं कुणीतरी उचलून नेल्यासारखं वाटत होतं. उरली होती ती एवढीच एक खोली, पांढऱ्या उजेडात तरंगत असलेली.

या घरचा कायदा जगावेगळा. ज्याला एखादी गोष्ट हवी असेल त्याने ती नकोच अशी बाजू मांडायची, आणि नको म्हणणाऱ्याने ती हवीच अशी. हरेल त्याने चहा करायचा. लेक आठ वर्षांची असताना तिने सायकलीच्या विरोधात इतकं तळमळून भाषण केलं होतं की सायकल हातची जाता जाता राहिली. तेव्हापासून बाबा तिला वकीलबाई म्हणत. ते स्वतः मात्र कुठल्याही बाजूने उभे राहोत, घरात एकही दावा हरले नव्हते. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, मी तर कोर्टाशीच लग्न केलं, असं आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

आजचा दावा सायकलीचा नव्हता. दोन वर्षं कायदा शिकल्यावर लेकीला तो सोडायचा होता आणि एका गुंतवणूक कंपनीत शिकाऊ म्हणून लागायचं होतं. पाचच्या आत होकार कळवायचा होता. सकाळी तिने एका दमात सगळं सांगून टाकलं, तेव्हा बाबा एवढंच म्हणाले होते की तीनला बसू.

ती उभी राहिली. सुरुवात तिने सोपी केली: हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, एकच वर्ष उरलंय, आकड्यांचा काय भरवसा, आज आहेत उद्या नाहीत. आई मान डोलावत होती. मग बोलता बोलता तिला बाबांची कचेरी दिसायला लागली, धुक्यातून वर आल्यासारखी. फायलींचं कपाट, खिडकी, आणि टेबलाशेजारची दुसरी खुर्ची. ती कॉलेजात गेली त्या आठवड्यात आणलेली. पक्षकार उभे राहिले तरी चालतील, पण तिच्यावर अजून कुणाला बसू दिलेलं नव्हतं.

"माझे अशील हे स्वतःहून कधीच सांगणार नाहीत," ती म्हणाली. "पण ते रोज सकाळी ती खुर्ची पुसतात. आता आपल्याला एकट्याने काम करावं लागणार नाही, असं त्यांना वाटत होतं."

सुया थांबल्या. बाबांनी चष्मा उचलला, पुसला आणि न घालताच परत ठेवला. आपण जिंकलो की काय, असं लेकीला वाटलं आणि तिला रडूच यायला लागलं.

बाबा उठले, अंगात नसलेल्या कोटाची बटणं नीट करत. ते सांगायला लागले की कायद्यात सगळं घडून गेलेलं असतं. भांडण झालेलं, भिंत पडलेली, माणूस गेलेला; आपण मागून जाऊन काय झालं ते विचारायचं. या मुलीला लहानपणापासून पडतो तो प्रश्न वेगळाच, पुढे काय होणार. गेल्या उन्हाळ्यात त्या कंपनीच्या कायदेविभागात उमेदवारी करायला गेली, तर करार बाजूला ठेवून काचेपलीकडच्या पडद्यांवर वर-खाली होणाऱ्या रेघा बघत बसायची, झोपलेल्या माणसाचा श्वास बघत बसावं तशी. हे तिनेच कधीतरी जेवताना सांगितलं होतं. बाबांचं तेव्हा लक्षच नव्हतं, असा तिचा समज होता.

"पुरावा देतो," बाबा म्हणाले. "सहा वर्षांची असेल. सकाळी मी निघालो की सांगायची, बाबा, आज तुम्ही सात दहाला येणार. कधी सात वीस, कधी पावणेआठ. आणि मी त्याच मिनिटाला दारात असायचो. एकदाही चुकली नाही. असा अंदाज असलेल्या माणसाला मागचं उकरत बसायला लावणं हा अन्याय आहे."

आईने निकालाला वेळ लावला नाही. वकीलसाहेब जिंकले. लेक हरली, म्हणून तिने जायचं ठरलं, आणि चहाही तिच्याकडे आला.

स्वयंपाकघरात तिचे पाय जमिनीला लागत नव्हते. पाणी उकळत होतं, वाफेने खिडकीची काच आणखीच पांढरी झाली होती. मी खरंच एकदाही चुकले नव्हते का गं, असं तिने आईला विचारलं, कौतुक पुन्हा ऐकायला मिळेल म्हणून.

आई कप मांडत होती. तिने पदराने काचेवरची वाफ पुसली.

"कोपऱ्यावर उभे असायचे ते. दिव्याखाली, घड्याळ बघत. एकदा तर कडाक्याच्या थंडीत अर्धा तास. मी इथूनच बघायचे."

लेकीने गॅस बारीक केला. उभ्या आयुष्यात खोट्या पुराव्याला हात न लावलेला माणूस, असा बाबांचा कोर्टात लौकिक होता. म्हणजे अंदाज तिचा नव्हताच, आणि आता ती जिथे निघाली होती तिथे तिचा शब्द खरा व्हावा म्हणून कुणी कोपऱ्यावर थांबणार नव्हतं. तिला लाज वाटली, भीती वाटली, आणि त्याहून कितीतरी जास्त माया दाटून आली. बाहेर जाऊन तिने चहा दिला. विचारलं काहीच नाही. साडेचारला होकार कळवला.

पुढच्या सोमवारी ती निघाली तेव्हा बाबा दारापर्यंत आले.

"वकीलबाई," ते म्हणाले. हे नाव काही त्यांनी बदललं नव्हतं. "आज तू सात दहाला येणार."

संध्याकाळी बस लगेच मिळाली. ती कोपऱ्यावर उतरली तेव्हा सातला दोन मिनिटं कमी होती. धुकं पुन्हा उतरलं होतं आणि त्यात घराची खिडकी तेवढी पिवळी दिसत होती. तिने गळ्याभोवतीची शाल घट्ट केली आणि दिव्याखाली उभी राहिली. अजून बारा मिनिटं होती.