आंबटाचा नवस

औरंगपुऱ्यातल्या दवाखान्यात सायलीला मांडीवर घेऊन तनुजा बसली, तेव्हा तिची पाठ नुसती ठणकत होती. पोरगी वर्षभर तापातून उठली की खोकल्यात, खोकल्यातून उठली की जुलाबात.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "ताई, शिंक आली की मेडिकलवरून अँटिबायोटिक आणत होतात ना? आतड्यांत जंतूंची अख्खी वस्ती असते, आणि त्यातले पुष्कळ आपल्याच बाजूचे. रोगाशी लढणाऱ्या पेशींना तेच शिकवतात, कुणावर धावून जायचं, कुणाला सोडायचं. गोळ्यांनी तेही मरतात. आता माझ्याशिवाय गोळी नको. डाळी, भाज्या, रोज घरचं दही. जादू नाही हं, वेळ लागेल."

दही ऐकलं आणि तनुजाला नवस आठवला. नुसते शुक्रवारचे उपास पुरेनात, म्हणून ती संतोषीमातेला बोलून बसली होती की पोर बरी होईस्तोवर घरात आंबट येणार नाही. तेव्हापासून दही नाही, चिंच नाही, लिंबूसुद्धा नाही.

घरी येऊन तिनं सासूबाईंना सांगितलं.

"मला काय इचारती? नवस बोलताना इचारलं व्हतं का?" मंजुळाबाई करवादल्या. मग हळूच म्हणाल्या, "माझी तर जीभ पार मेली बाई तुझ्या नवसापायी. जा, देवीलाच सांग."

तनुजा देव्हाऱ्यापुढं बसली. डोळे मिटले तर झोपच यायला लागली. "आई, पोरीला न् घराला मोकळं कर. आंबट मी एकटीच सोडते, जल्मभर." कौल लावायचं त्राण नव्हतं. हात जोडून ती उठली.

विरजण थेंबभर नव्हतं, आणि दिवेलागणीनंतर दही कुणी घराबाहेर देत नाही. ती वरच्या मजल्यावर शमीमआपांकडं गेली.

"इत्ती बडी वाटी कायको लायी? चमचा बस है," आपा हसल्या. "हमारे दही को क्या दिन, क्या रात! पन तू तो खट्टा खाती नै ना?"

"मी नाय आपा. पोरगी."

सकाळी सायलीनं पहिल्याच घासाला तोंड वाकडं केलं. "ईऽ, साखर टाक!" साखर घालून कसेबसे दोन घास गेले, मग ती खोकत खोकत निजली.

तनुजानं उरलेली वाटी सासूबाईंपुढं सरकवली. वासानं तिच्याच तोंडाला पाणी सुटलं. ते गिळून तिनं उद्याच्या दह्यासाठी दूध तापायला ठेवलं.