चाकेश्वरबाबाचा नवाकोरा टायर

इस्लामपूरच्या मोटारस्टँडामागच्या माळावर दर रविवारी माणसांची रीघ लागायची. कुणी बैलगाडीत टायर घालून आणी, कुणी डोक्यावर. पत्र्याच्या खोपटापुढं धुनी पेटलेली. धूर काळाकुट्ट आणि वास असा की नाकाला पदर लावावा. लोक त्या वासालाही हात जोडत. कारण चाकेश्वरबाबा झिजून गुळगुळीत झालेला टायर खोपटात कोंडायचे आणि पुढच्या रविवारी तो काळाभोर, खोल नक्षीचा, नवाकोरा होऊन बाहेर यायचा!

"रबर म्हंजे झाडाचं रगत!" बाबा गरजायचे. "तुमाला वाटतंय त्ये मेलं. मी हाक मारली की काय करतंय?"

"उठतंय!" गर्दी ओरडायची.

दुसरी जागतिक लढाई संपून वर्ष झालं तरी नवा टायर सरकारी परमिटाशिवाय मिळत नव्हता. उतारू नेणाऱ्या सर्व्हिस मोटारींचे मालक दादासो यांना तर बाबा म्हणजे घरचा कारखानाच सापडला होता.

त्या गर्दीत राहीबाई एकटीच हात न जोडता उभी होती. तिचा नवरा जोतीराम दादासोंच्या मोटारीवर ड्रायव्हर होता. पुढच्या चाकाच्या एका कडेला टायरचे आतले दोरे दिसायला लागले, तेव्हा त्यानं मालकांना दोनदा सांगितलं. दादासोंनी टायर बाबाकडं धाडला. तो नवा होऊन आला आणि सहाव्या दिवशी घाट उतरताना फुटला. उतारूंचं खरचटण्यावर निभावलं. जोतीराम स्टेअरिंगखाली चेंगरून गेला.

दहाव्याला माणसं जमली असताना बाबाचा निरोप आला : ड्रायव्हरनं दारू पिऊन चाकाला हात लावला, म्हणून चाक कोपलं!

जोतीरामनं जन्मात दारूला शिवलं नव्हतं. पण आयाबाया राहीबाईच्या अंगणात येईनाशा झाल्या. 'दारुड्याची बायको' हे शब्द पाठीमागून कानावर यायचे. तिचं रडणं त्याच दिवशी आटलं. मागं राहिला तो संताप. भाकरी थापताना तिला परातीत बाबाचं तोंड दिसायचं आणि तळहात जोरात पडायचा.

आठ महिन्यांनी तिचा धाकटा भाऊ मानसिंग फौजेतून सुटून आला. तिकडं तो मोटारी दुरुस्त करायचा. इथंही त्यानं स्टँडाजवळ छोटा कारखाना टाकला. राहीबाईनं त्याला पहिल्याच दिवशी विचारलं, "त्या बाबाला ठार मारशील?"

"मारून काय व्हईल, अक्का? दुसऱ्या दिवशी त्याची समाधी बांधतील."

"मग माझ्या जिवाची आग कशानं इझायची?"

"त्याची करामत त्याच्याच गळ्यात अडकवू. तू फकस्त धीर धर."

मानसिंगकडं एक जुना, गुळगुळीत टायर पडलेला होता. तो त्यांनी गुळाच्या अड्ड्यावर नेला. तिथल्या कोंडीबा तोलाराचा काटा सगळ्या पंचक्रोशीला मान्य. त्यानं टायर तोलला : बरोबर तीस शेर. टायरच्या आतल्या बाजूला त्यानं खडूनं आकडा लिहून खाली सही केली. मग राहीबाई स्वतः टायर घेऊन माळावर गेली. बाबानं तिला ओळखलं नाही. ओळखायला त्यानं कधी पाहिलं होतं कुठं!

पुढच्या रविवारी टायर झळाळत बाहेर आला. गर्दीनं जयजयकार केला. पुढच्या रांगेत दादासो होते.

"बाबा," राहीबाई मोठ्यानं म्हणाली, "ह्यात नवं रबर उगवलं का?"

"दिसत न्हाई व्हय, बाई? बोटभर उगवलंय!"

"मग वजन वाढलं आसंल की! कोंडीबामामा, लावा काटा."

मानसिंगनं तिवई रोवली, कोंडीबानं काटा टांगला. बाबाचा चेहरा उतरला. "देवाची वस्तू तोलायची नसती!" तो ओरडला. पण कोंडीबानं आतली आपली सही सगळ्यांना दाखवली होती, आणि आता दादासोही पुढं सरकले होते.

"साडेअठ्ठावीस शेर," कोंडीबा म्हणाला. "दीड शेर कमी."

गर्दी काट्याभोवती दाटली.

"उगवलं न्हाई, कापलंय!" मानसिंगनं नव्या खाचेत दाभण टोचलं, ते लगेच आतल्या कापडाला अडलं. "तापल्या पात्यानं उरलंसुरलं रबर कोरायचं, वर काजळी आन् तेल चोळायचं. नक्षी दिसती, पर टायर होता त्यापरास पातळ हुतो. आन् कोरलेलं रबर जातं कुठं? धुनीत! ज्याचा आंगारा तुमी कपाळाला लावताय त्येच!"

दोघातिघांनी खोपटाचं दार मोडलं. आत वाकडं पातं, शेगडी, काजळीचा डबा आणि रबराच्या सालपटांनी भरलेलं पोतं निघालं. माणसं बाबावर धावली.

"हात लावू नका त्याला!" राहीबाई कडाडली. "त्यो माझा हाय." ती बाबासमोर जाऊन उभी राहिली. "ह्यो टायर आत्ता दादासोंच्या मोटारीला पुढं लावायचा. तू पुढच्या शिटावर बसायचं. मी शेजारी बसते. घाट उतरून येऊ. चल!"

बाबा मागं सरकला. "न्हाई... नगो, बाई. फुटंल त्यो."

"जोतीरामचा कशानं फुटला?"

"कोरल्यामुळं."

"मोठ्यानं! आन् त्यो दारू प्याला हुता का?"

"न्हाई! मी... मी खोटं बोललो!"

राहीबाईनं मान वळवली. दादासोंनी नजर चुकवली. "मालक, तुमाला तर त्यानं दोनदा सांगितलं हुतं. नवा टायर मिळत नव्हता, तर मोटार उभी करायची हुती."

तेवढ्यावर तिनं सोडलं नाही. बाबाला आधी सगळ्या स्टँडभर फिरवलं, आणि सुटणाऱ्या प्रत्येक मोटारीपुढं त्याच्याच तोंडून तेच वदवून घेतलं. मग त्याला फौजदाराच्या ताब्यात दिलं. त्याचा जबाब नोंदवताना ती समोर बसून होती. तो घोटभर पाणी मागत होता. तिच्याजवळ तांब्या होता. तिनं दिला नाही.

संध्याकाळी मानसिंगनं ड्रायव्हर लोकांना गोळा केलं. "रबर दोन रीतीनं मरतं, गड्यांनो. झिजून, आन् वयानं. नक्षी आगकाडीच्या गुलाएवढीबी खोल राहिली न्हाई, की टायर उतरवा. नक्षी चांगली असली तरी बाजूला चिरा पडल्या, फुगवटा आला, दोरा दिसला, तरीबी उतरवा. मेलेलं रबर कुणाच्या मंत्रानं उठत न्हाई."

राहीबाई पुढं झाली. "हात जोडायच्या आधी त्योच हात चाकावरनं फिरवून बघा," ती म्हणाली. "आन् ड्रायव्हर सांगंल त्ये ऐका. माझा सांगत हुता."